उसातली गोष्ट आणि ती सांगणारी

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (2017) मोजक्या पैशांत उभा राहिलेला सिनेमा आहे. एक घर, त्याला चहूकडून वेढणारा ऊस आणि चार-पाच माणसं. घेणेकऱ्यांच्या माणसांपासून जीव वाचवत नेहा आणि तुषार भाऊराव ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी येतात. नेहा पोटुशी, दिवस भरत आलेले. भाऊरावची बायको तुळसाबाई तिला मायेनं जवळ घेते, आणि भीती इथूनच सुरू होते. ही भीती रात्रीची वाट पाहत नाही. लख्ख उन्हात, डोक्याएवढ्या उसात पोरांच्या खेळाचा आवाज येतो आणि पोरं दिसत नाहीत.

मराठी पडद्यावर भूत बरीच वर्षं हसवत आलं. 'झपाटलेला' (1993) आणि 'पछाडलेला' (2004) यांतले आत्मे पुरुषांचे होते. 'लपाछपी'त बाई आहे, आणि तिच्यावर हसायची सोय दिग्दर्शकानं ठेवलेली नाही.

या सिनेमाची खरी करामत गोष्ट सांगण्यात आहे. घरावरच्या संकटाची हकिकत आपल्याला आधी तुळसाबाईच्या तोंडून कळते. त्या हकिकतीत सगळं वाईट एका बाईनं केलेलं असतं. सांगणारीचा आवाज घरातल्या मोठ्या बाईचा, समजुतीचा. म्हणून नेहाबरोबर आपणही विश्वास ठेवतो. पुढे तीच हकिकत दुसऱ्या बाजूनं उलगडते, तेव्हा कळतं की जिची भीती घातली गेली ती बळी होती. मुलींना जन्माआधीच संपवणारे हात जिवंत माणसांचे होते. उषा नाईक यांनी तुळसाबाई केली आहे ती अशी की, तिचा राग येण्याआधी तिची माया पटते. पूजा सावंत यांची नेहा अवघडलेल्या अंगानं धावते, आणि पोटातलं बाळ प्रत्येक प्रसंगात आपल्या ध्यानात राहतं. शेवटाकडे सिनेमा फार समजावून सांगतो, पार्श्वसंगीतही उगाच दचकवतं. तरी ती उलटलेली हकिकत मनातून जात नाही. फुरियांनी 2021मध्ये याचाच हिंदीत 'छोरी' केला. मला मराठी सिनेमा अधिक जवळचा वाटतो.

गुरुकुंज मोझरीत बसून हे लिहिताना मेळघाट दूर वाटत नाही. जिल्हा एकच, अमरावती. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात 2024च्या अखेरीस एका वृद्धेला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, तिची धिंड काढली गेली. तिथेही आधी कुणीतरी गोष्ट सांगितली होती आणि गावानं ती खरी मानली होती. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असा आळ घेणं हा गुन्हा ठरवला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा तर 1994चा. तरी 2011च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मुली 894च होत्या.

तुकडोजी महाराजांनी 1935मध्ये इथं मोझरीत आश्रम उभारला. त्यांच्या ग्रामगीतेत 'महिलोन्नति' हा स्वतंत्र अध्याय आहे. खंजिरी वाजवून गावं जागी करणाऱ्या या माणसाच्या पुण्यतिथीला गावोगावची माणसं मोझरीत जमतात. त्या दिवसांत एका संध्याकाळी 'लपाछपी' दाखवा, आणि सिनेमा संपल्यावर माईक आधी बायांच्या हाती द्या.