दोन फेरे हाताने

गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एक सूचना हमखास सापडते: जे काढलं, ते उलट क्रमाने बसवा. मराठीत एम. ए. करताना मी बरीच अवघड वाक्यं वाचली, पण या सूचनेइतकं मला कुणी फसवलं नाही. गेल्या एप्रिलमध्ये सोलापुरात, घरासमोरच्या पत्र्याच्या शेडखाली, पप्पांच्या जुन्या सँट्रोचा टायमिंग बेल्ट मी स्वतः बदलला. पहिल्यांदाच. हा लेख त्या बेल्टबद्दल आहे, आणि त्या दोन दिवसांत मी जे वाचलं आणि पाहिलं त्याबद्दलही. व्हिडिओ, मॅन्युअल, विश्वकोश आणि एक गाजलेलं पुस्तक. यातल्या पहिल्या तिघांची समीक्षा सहसा कुणी करत नाही. मी करणार आहे, कारण माझं वाचन चुकलं असतं तर इंजिन गेलं असतं.

इंजिन का गेलं असतं, ते आधी सांगतो. खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दोघांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात. पट्टा तुटला किंवा फार चुकीचा बसला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. दोघं आदळतात, व्हॉल्व्ह वाकतो आणि हेड खोलावं लागतं. आमच्या गाडीच्या किमतीच्या मानाने तो खर्च परवडणारा नव्हता. पप्पा एवढंच म्हणाले, "चुकलास तर भंगारात जाईल, बघ." आणि आत जाऊन पेपर वाचत बसले. त्यांच्या त्या न थांबण्याचं मला जास्त टेन्शन आलं.

सुरुवात व्हिडिओपासून केली. तुम्हीही तेच केलं असतं. मी सहा-सात व्हिडिओ पाहिले, बहुतेक हिंदीत. सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. क्रँक पुलीचा बोल्ट हा या कामातला सगळ्यात हट्टी बोल्ट. व्हिडिओतला माणूस त्याला गोटी पाना लावतो, जोर देतो, चेहरा लाल होतो, आणि पुढच्या शॉटमध्ये बोल्ट त्याच्या तळहातावर असतो. मधली वीस मिनिटं कापलेली असतात. नेमकी तीच वीस मिनिटं माझ्या वाट्याला आली, आणि त्यांची दोन तास झाली. व्हिडिओत हात दिसतात, आवाज येतो, माणूस दिसतो. पण अडलेला माणूस दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, अडतोय तो फक्त मीच.

मॅन्युअल उलटं आहे. त्यात माणूसच नाही. क्रिया आहेत, आकडे आहेत, बाणांची चित्रं आहेत. कंपनीचं मॅन्युअल प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याला जे माहीत असणारच ते गाळलेलं असतं. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचं मॅन्युअल काढलं, ते वेगळ्या विचाराने. गाडी खरोखर पूर्ण खोलायची, परत जोडायची, फोटो काढायचे आणि मग लिहायचं. घरच्या अंगणात काम करणारा वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तरीही उलट क्रमाने बसवा ही सूचना त्या परंपरेतही ठाण मांडून आहे, आणि ती खोटी आहे. काढताना पट्टा फक्त निघतो. बसवताना दोन्ही चाकांच्या खुणा जुळवायच्या असतात, पट्ट्याची ताणलेली बाजू सैल पडू द्यायची नसते, आणि टेन्शनर त्यानंतर सोडायचा असतो. मोडणं आणि जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या पायऱ्या उलट्या वाचून दुसरं येत नाही.

मग वाटलं, मराठीत काही आहे का बघू. मराठी विश्वकोश आता फोनवर वाचता येतो. त्यातल्या इंजिनावरच्या लेखनात पिस्टनला दट्ट्या म्हणतात आणि व्हॉल्व्हला झडप. शब्द चांगले आहेत. चार फटक्यांचं चक्र मला इंग्रजीपेक्षा तिथे लवकर समजलं, हे मान्य करतो. पण विश्वकोशाचं काम यंत्र म्हणजे काय ते सांगणं. आता डावा हात कुठे ठेवू, हे तो सांगत नाही, आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही. दुसरीकडे गॅरेजमधल्या पोरांकडे हात आहेत आणि बोलीही आहे. मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात. पण ती बोली कागदावर येत नाही. एकीकडे पान आहे, हात नाहीत. दुसरीकडे हात आहेत, पान नाही.

पहिल्या रात्री बोल्ट तसाच ठेवून मी रॉबर्ट पर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' परत काढलं. १९७४ चं पुस्तक, छापून येण्याआधी शंभराहून जास्त प्रकाशकांनी नाकारलेलं. त्यात एका अडकलेल्या स्क्रूवर मोठं विवेचन आहे. स्क्रूची खाच झिजली की तो निघत नाही आणि त्या क्षणी त्या एका स्क्रूची किंमत अख्ख्या मोटरसायकलएवढी होते. माझी अवस्था हुबेहूब तीच होती. व्हिडिओने कापलेली वीस मिनिटं पर्सिग यांनी लिहिली, हे त्यांचं मोठेपण. खोलताना क्रम वहीत लिहा, सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडा, हा त्यांचा सल्ला मी जसाच्या तसा पाळला. पप्पांचा वाचून झालेला पेपर त्यासाठी कामी आला.

पण एक तक्रार आहे. पर्सिग स्क्रूपाशी फार वेळ थांबत नाहीत. स्क्रू त्यांना तत्त्वज्ञानाकडे नेणारी शिडी वाटते. अडकणं हीच चांगली अवस्था, कारण तिथून नवा विचार सुरू होतो, असं ते सुचवतात. रात्री अकरा वाजता, ग्रीसने माखलेल्या हातांनी हे वाचताना मला नवा विचार नको होता, बोल्ट निघायला हवा होता. यंत्राला लगेच कशाचं तरी प्रतीक केलं की यंत्र दिसेनासं होतं. ही सवय आपल्याकडेही आहे. त्याच १९६६ साली नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह आला. कामगार कवितेत ताठ उभा राहिला, हे ऋण मोठं आहे. तरी मी वाचलेल्या कामगार साहित्यात यंत्र बहुतेक वेळा भोंग्याच्या आवाजात किंवा शोषणाच्या चित्रात भेटतं. कामाचा क्रम, कोणता नट आधी आणि का, हे क्वचित भेटतं. कामगाराचं दुःख आपण वाचलं, त्याचं कसब वाचायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे मामा आले. आयुष्यभर यंत्रमागांवर जॉबर म्हणून राबलेले, म्हणजे माग बिघडला की तो लावणारे.

"काय करायलास बे?"

"बोल्ट निघंना, मामा."

त्यांनी पान्याला लांब पाइप चढवला, गाडी गिअरमध्ये टाकायला लावली, आतून ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि एका झटक्यात बोल्ट सोडवला. मग वाकून दोन्ही चाकं बघितली. मी दोनास एकचं गणित सांगायला लागलो, तर म्हणाले, "आमच्या मागाचंबी असंच आहे की. वरचा शाफ्ट दोनदा फिरला की खालचा एकदा. टायमिंग हुकलं तर धोटा मधीच अडकतो आणि सगळे धागे तोडतो. हातानं फिरवून बघितल्याशिवाय बटन दाबायचं नाही."

खरंच आहे. साध्या यंत्रमागात खालचा शाफ्ट वरच्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण धाग्यांची उघडझाप दोन फेकींत एकदा पुरी होते. ज्या शहरात हे गणित गल्लोगल्ली चाललं, तिथे मी ते परदेशी मॅन्युअलमध्ये शोधत होतो.

हाताने फिरवायची सूचना मॅन्युअलमध्येही होती, शेवटून तिसऱ्या ओळीत. पट्टा बसवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत तपासा. दोनच का, ते मामांमुळे कळलं: दोन फेऱ्यांनीच चक्र पुरं होतं. मी स्पार्क प्लग काढून ठेवले, म्हणजे दाब आड येणार नाही, आणि हळू फिरवलं. खालची खूण जुळली. वरची एका दाताने पुढे होती. पट्टा परत काढला, परत बसवला, परत दोन फेरे. आता दोन्ही जुळल्या.

सबंध मॅन्युअलमध्ये मला तीच सूचना सगळ्यात चांगली वाटते. बाकी सगळीकडे मजकूर म्हणतो, मी सांगतो तसं कर. इथे तो म्हणतो, मी सांगितलं आणि तू केलंस, तरी विश्वास ठेवू नकोस, फिरवून बघ. काही अडलं तर जोर लावू नकोस. वाचकाला तपासायची जागा देणं, हे मी चांगल्या लेखनाचं लक्षण मानतो, मग ते कविता असो की बेल्ट बदलायची कृती.

गाडी सुरू झाली तेव्हा पप्पा बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "चालतंय." त्या रात्री मी वहीत सगळी कृती मराठीत लिहून काढली. दट्ट्या लिहिलं नाही, पिस्टनच लिहिलं, पण धोटा आणि जॉबर हे शब्द आले. एका दाताची चूक खोडली नाही, तिच्यासमोर वेळही लिहिली: साडेतीन तास. पुढच्या वेळी ती वही उघडणारा बहुधा मीच असेन. दुसरं कुणी असलं, तर त्याला एवढं तरी कळेल की इथे आधी कुणीतरी अडलं होतं.