संकेतलिपी आणि तिचा वाचक : श्रोडिंगर यांच्या ग्रंथाचा पुनर्विचार

पदार्थविज्ञानवेत्ते एर्विन श्रोडिंगर यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दिलेली व्याख्याने पुढील वर्षी ‘व्हॉट इज लाइफ?’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या छोटेखानी ग्रंथाविषयी जाणकारांत टोकाचा मतभेद आढळतो. जेम्स वॉटसन, फ्रान्सिस क्रिक व मॉरिस विल्किन्स या तिघांनीही त्याचे ऋण मान्य केले. उलट, त्यात जे खरे ते नवे नव्हते आणि जे नवे त्यातील बरेचसे खरे नव्हते, असा अभिप्राय मॅक्स पेरुट्झ यांनी १९८७ मध्ये दिला. आनुवंशिक माहिती पेशीत कोठे व कशी साठविलेली असते, या प्रश्नापुरता विचार केला तर दोन्ही मतांत तथ्य आहे असे दिसून येते.

ग्रंथकाराची मूळ शंका मार्मिक आहे. पदार्थविज्ञानाचे पुष्कळसे नियम असंख्य अणूंच्या सरासरी वर्तनावर उभे असतात. जनुकातील अणूंची संख्या त्या मानाने अगदीच थोडी. मग आनुवंशिक लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात कशी? गुणसूत्र हा ‘अनावर्ती स्फटिक’ होय, हे श्रोडिंगर यांचे उत्तर. मिठाच्या स्फटिकात एकच मांडणी पुनःपुन्हा येते. तो कितीही वाढला तरी नवे काही सांगत नाही. अनावर्ती स्फटिकात मात्र, लिहिलेल्या ओळीतील अक्षराप्रमाणे, प्रत्येक घटकाच्या जागेला अर्थ असतो. टिंब आणि रेघ या दोनच चिन्हांचे चारपर्यंतचे गट केल्यास ३० निरनिराळे संकेत मिळतात, हा तारायंत्राचा दाखला त्यांनी दिला आहे. अल्प जागेत अपार माहिती मावते कशी, हे कोडे त्यामुळे सुटले. ग्रंथाचे खरे श्रेय येथे आहे.

ही लिपी कोणत्या द्रव्यात लिहिली आहे, याविषयी मात्र त्यांचा अंदाज चुकला. जनुक हा बहुधा प्रथिनाचा रेणू असावा, असे त्यांनी धरले होते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९४४ मध्ये, एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी न्यूमोकोकस जंतूंवरील प्रयोगांतून डीएनएकडे बोट दाखविले. परंतु या चुकीने मूळ युक्तिवादास बाध येत नाही. कारण त्याचा आधार द्रव्य नसून क्रम हा आहे. डीएनएतील चार आधारकांच्या त्रिकांतून ६४ संकेत होतात, आणि निरेनबर्ग, खोराना प्रभृतींच्या कार्याने १९६६ पर्यंत त्या सर्वांचा उलगडा झाला.

ग्रंथातील खरी उणीव दुहेरी आहे. पहिली स्थानाची. ग्रंथकाराची दृष्टी केंद्रकातील गुणसूत्रांवर खिळलेली आहे. वास्तविक कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्येच गुलबासाच्या चित्रविचित्र पानांवरून दाखविले होते की, पानांचा तो रंगभेद बीज ज्या फांदीवर धरले तिच्यावर अवलंबून असतो. पराग कोठून आला याने फरक पडत नाही. पुढे १९६३ मध्ये हरितलवक व तंतुकणिका यांत डीएनए असल्याचे सिद्ध झाले. मानवी तंतुकणिकेची संहिता १९८१ मध्ये पूर्ण वाचली गेली : १६,५६९ आधारक-जोड्या आणि ३७ जनुके. केंद्रकातील सुमारे तीन अब्ज जोड्यांपुढे ही संख्या नगण्य वाटेल. तथापि मातेकडून आलेल्या या संहितेतील एका अक्षराच्या फरकानेही तरुणपणी दृष्टी जाऊ शकते, हे १९८८ मध्ये निदर्शनास आले.

दुसरी उणीव अधिक मूलगामी होय. गुणसूत्रे ही विधिसंहिता आणि तिची अंमलबजावणी करणारी सत्ता एकाच ठायी आहेत, असे श्रोडिंगर मानतात. पण डीएनए स्वतः काहीच घडवीत नाही. त्याची नक्कल करणारी, तो वाचणारी आणि त्यानुसार प्रथिने जुळविणारी यंत्रणा वेगळी असते. यकृताच्या आणि मज्जेच्या पेशींत संहिता बहुतांशी एकच. भेद पडतो तो कोणता भाग केव्हा वाचला जातो यामुळे. शिवाय या वाचकाची घडणही त्याच संहितेत नोंदलेली आहे. म्हणून वाचकावाचून संहिता मुकी आणि संहितेवाचून वाचक अशक्य. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१० मध्ये सुमारे १०.८ लाख जोड्यांचा कृत्रिम जीनोम तयार केला. पण तो कार्यान्वित करण्यासाठी दुसऱ्या जातीच्या जिवंत जंतूची पेशी घ्यावीच लागली.

‘सर्व काही जनुकांतच लिहिलेले असते’ हा आज सर्वत्र ऐकू येणारा समज काही अंशी याच उपमेचा वारसा आहे. माणसाचे भवितव्य त्याच्या संहितेवरून वर्तवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावयास हवे. माहिती कोठे साठविली आहे, या प्रश्नाला श्रोडिंगर यांनी शास्त्रीय रूप दिले, हे त्यांचे कार्य थोरच; ती वाचतो कोण, हा प्रश्न मात्र त्यांनी विचारलाच नाही. त्यांचा ग्रंथ आजही वाचावा, पण ही उणीव स्मरणात ठेवूनच वाचावा.