तो मीच

‘तो मी नव्हेच’ (१९६२) या अत्र्यांच्या नाटकातला लखोबा लोखंडे सगळे आठवत असूनही कोर्टात सगळे नाकारतो. केटलिन रोझाकिस यांच्या ‘ड्रेडफुल’ (२०२४) या विनोदी अद्भुतिकेचे ध्वनिपुस्तक ऐकताना मला तो सतत आठवत राहिला. कारण इथे पेच नेमका उलटा आहे.

जादूच्या उद्ध्वस्त कार्यशाळेत एक माणूस शुद्धीवर येतो. भुवया गायब, स्मृती पुसलेली. इथला दुष्ट मांत्रिक परतला तर आपली धडगत नाही, या भीतीने तो गांगरतो. मग कळते, तो मांत्रिक आपणच! वाड्यात गॉब्लिनांची फौज, कोठडीत राजकन्या आणि ज्वाळांच्या नक्षीचा एक भडक झगा. (त्या झग्याचाही आरोपपत्रात समावेश हवा.) स्वतःचाच कट, तो काय आहे हे न कळता, पुढे रेटायचा, बहुतेक विनोद यातूनच येतो.

स्मृतिभ्रंश ही कथाकारांची जुनी पळवाट. नायकाचे गुन्हे धुऊन टाकायची ही सोय असावी, अशी मलाही शंका होती. पण हा विसरला तरी ज्यांनी सोसले ते विसरलेले नाहीत, आणि रोझाकिस त्याला त्यांच्यासमोर उभे करतात.

ऐकताना हे जास्त बोचते. छापील पानावर ‘गॅव्ह’ आणि ‘गॅव्हरॅक्स’ ही दोन नावे डोळ्यांना वेगळी दिसतात. कानावर मात्र प्रत्येक ‘गॅव्हरॅक्स’ आधी ‘गॅव्ह’ म्हणूनच पडतो.

लखोबाला आपण निर्धास्त हसतो, कारण तो खोटे बोलतोय हे ठाऊक असते. गॅव्हने ‘तो मी नव्हेच’ म्हटले, तर ते त्याच्यापुरते खरेच असेल. कोठडीतल्या राजकन्येला त्याचा काडीचाही उपयोग नाही.