उताऱ्यात नसलेला प्रश्न : बंगळूर प्रकल्प, पोलिश परीक्षा आणि इंग्रजी वाचनाचे आकलन

१

इंग्रजी शिकणाऱ्या किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी निवडलेला 'आकलनाचा उतारा' साहित्यसमीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. तो अध्यापनशास्त्राचा, फार तर परीक्षापद्धतीचा विषय मानला जातो. वस्तुतः परभाषेतील गद्याशी विद्यार्थ्याची पहिली गाठ याच उताऱ्याच्या रूपाने पडते आणि वाचन म्हणजे काय याविषयीची त्याची पहिली धारणाही येथेच घडते. तौलनिक साहित्याभ्यासाने या दुर्लक्षित गद्यप्रकाराकडे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मराठीतील 'उतारा' हा शब्द येथे उद्बोधक आहे. सातबाराचा उतारा म्हणजे मोठ्या दप्तरातून काढलेली, विवक्षित कामापुरती ग्राह्य अशी नक्कल. परीक्षेतील उताऱ्याचे स्वरूप याहून फारसे वेगळे नाही. त्याला बहुधा लेखक नसतो, पूर्वसंदर्भ नसतो, पुढे काय झाले हेही नसते. त्याखाली चार-पाच प्रश्न असतात आणि त्यांमागे एक अलिखित करार असतो : प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रश्नकर्त्याचा, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातच असणार. पोलिश भाषेत या अभ्यासाला 'चितान्ये झे झ्रोझुम्येन्येम', म्हणजे 'समजून घेत केलेले वाचन', असे म्हणतात. तेथे वाचन ही क्रिया मुख्य आहे आणि समज तिची सोबतीण. मराठीत आपण केवळ 'आकलन' म्हणतो आणि वाचन गृहीत धरतो. दोन्ही संज्ञांत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो : ही समज कोणत्या भाषेत घडते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन प्रयोगांच्या आधारे केला आहे. पहिला बंगळूरच्या नावाने ओळखला जाणारा अध्यापनप्रकल्प, दुसरा पोलंडमधील आठवीच्या अखेरीची परीक्षा. ही जोडी वरवर पाहता विजोड वाटेल. परंतु पोलिशभाषक किशोर मराठी मुलुखाला सर्वस्वी अपरिचित नाहीत. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तीत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती आणि मुलांच्या शाळा पोलिश माध्यमाच्या होत्या. युद्धानंतर त्यांतील अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये व अन्य इंग्रजीभाषक देशांत गेली. त्या मुलांच्या दृष्टीने इंग्रजी समजणे हा गुणपत्रिकेचा नव्हे, तर पुढील आयुष्याचा प्रश्न होता. आज बंगळुरात घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाची स्थिती निराळी असली, तरी त्याच्याबाबतही हा प्रश्न तितकाच खरा आहे.

२

एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत 'कम्युनिकेशनल टीचिंग प्रोजेक्ट' राबविण्यात आला. प्रभू तेव्हा मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. बंगळूर येथे १९६३ साली स्थापन झालेली प्रादेशिक इंग्रजी संस्था या प्रयत्नात सहभागी होती. त्यामुळे मद्रासमध्येही वर्ग चालत असूनही जगभरच्या भाषाध्यापनात त्याचे नाव 'बंगळूर प्रकल्प' असेच रूढ झाले. प्रभूंनी त्याची मीमांसा 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' (१९८७) या ग्रंथात केली आहे.

तत्पूर्वी दक्षिणेतील शाळांत वाक्यरचनांच्या श्रेणीबद्ध सरावावर आधारलेली पद्धती रूढ होती. प्रभूंचा मूळ विचार तिच्या विरोधी टोकाचा होता. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर गुंतले असताना व्याकरण त्याच्या नकळत आत्मसात होते, ही त्यांची भूमिका होती. म्हणून रचनांच्या यादीऐवजी त्यांनी कृतींची मालिका योजली. रेल्वेचे वेळापत्रक वाचून प्रवास आखणे, नकाशावरून मार्ग ठरविणे, नियम वाचून एखादी व्यक्ती त्यांत बसते की नाही हे पाहणे, अशा त्या कृती होत्या. प्रथम शिक्षक संपूर्ण वर्गासमवेत एक कृती करी, मग तशीच दुसरी कृती विद्यार्थी स्वतंत्रपणे करी. उत्तराचे मूल्यमापन भाषेवरून नव्हे, तर आशयावरून होई. वर्गातील सुमारे निम्म्या मुलांना निम्मी कृती साधली, तर तिची काठिण्यपातळी योग्य, असा त्यांचा व्यवहारी निकष होता.

या पद्धतीचे वाचनविषयक महत्त्व पुरेसे अधोरेखित झालेले नाही. रूढ उताऱ्यात प्रश्नातील शब्द हुडकून त्यांच्या शेजारचे वाक्य उतरवून काढले की उत्तर होते. अर्थ न कळताही ते साधते. वेळापत्रकावरील प्रश्नात ही पळवाट उरत नाही. गाडी पोहोचण्याची वेळ आणि सभेची वेळ यांची सांगड मनात घातल्याखेरीज उत्तर येतच नाही. प्रभूंनी कृतींचे तीन प्रकार कल्पिले : माहितीतील अंतर भरून काढणाऱ्या, तर्काने अंतर पार करणाऱ्या आणि मतातील अंतर व्यक्त करणाऱ्या. त्यांची पसंती दुसऱ्या प्रकाराला होती. तिसऱ्या प्रकारात उत्तर बरोबर की चूक हे वस्तुनिष्ठपणे ठरविता येत नाही आणि त्यामुळे नवशिक्या विद्यार्थ्याचा आधार सुटतो, असे त्यांना वाटे.

प्रकल्पाचे मूल्यमापन ॲलन बेरेटा व ॲलन डेव्हिस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकल्पातील व रूढ पद्धतीतील विद्यार्थी आपापल्या पद्धतीला अनुकूल चाचण्यांत सरस ठरले, तर तटस्थ मानलेल्या चाचण्यांचा कल सामान्यतः प्रकल्पाच्या बाजूचा होता. प्रयोगाची रचना पाहता हा निर्णय सावधपणेच स्वीकारावा लागतो. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न निराळाच आहे. तिसरा प्रकार मागे पडला, तेव्हा वर्गाबाहेर नेमके काय राहिले? एकाहून अधिक सयुक्तिक अर्थ संभवणारे गद्य, म्हणजेच साहित्य, बाहेर राहिले. प्रकल्पात गोष्टींना स्थान होते. पण ते मुख्यतः रहस्याची उकल करावयाच्या गोष्टींना. गोष्ट तेथे कोड्याच्या रूपाने आली. प्रभूंनी अर्थाला केंद्रस्थान दिले हे त्यांचे ऋण. तो अर्थ एकच आणि निश्चित असावा ही त्यांच्या पद्धतीची मर्यादा.

३

पोलंडमध्ये २०१७ च्या शैक्षणिक फेररचनेनंतर प्राथमिक शाळा आठ वर्षांची झाली आणि २०१९ पासून तिच्या अखेरीस राज्यव्यापी परीक्षा सुरू झाली. पोलिश भाषा, गणित आणि एक परकीय भाषा हे तिचे विषय असून परकीय भाषा म्हणून बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी घेतात. या परीक्षेच्या वाचनविभागातील एक बाब भारतीय वाचकास अनपेक्षित वाटेल. सूचना पोलिशमध्ये असतात आणि काही प्रश्नांत इंग्रजी मजकूर वाचून गाळलेल्या जागा पोलिश शब्दांनी भरावयाच्या असतात.

ही केवळ सवलत नव्हे. तीत आकलनाची एक निश्चित संकल्पना दडलेली आहे. समजणे आणि समजलेले त्याच परभाषेत मांडणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, हे तीत मान्य केलेले आहे. आपल्याकडील इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा, प्रश्न व उत्तर ही तिन्ही इंग्रजीत असतात. परिणामी ज्याला उतारा समजला पण इंग्रजी वाक्य जुळविता आले नाही तो विद्यार्थी, आणि ज्याला उतारा समजलाच नाही तो विद्यार्थी, यांच्यातील भेद गुणांच्या रकान्यात पुसला जातो. दुसरीकडे, अर्थ न कळता वाक्य उतरवून काढणारा विद्यार्थी यशस्वी ठरतो. प्रभूंच्या वर्गात मातृभाषेला मज्जाव नव्हता आणि उत्तराचा आशय पाहिला जाई, हे ध्यानी घेता बंगळूर व पोलंड यांच्या भूमिका या एका बाबतीत परस्परांच्या निकट येतात.

अर्थात मातृभाषा नेहमीच वाट दाखवते असे नाही. ती चकवाही देते. पोलिश 'आक्तुआल्न्ये' म्हणजे 'सध्या'. इंग्रजीतील 'ॲक्च्युअली' वाचताना पोलिश विद्यार्थी हमखास त्याच अर्थाकडे वळतो. बंगळूरच्या मराठी मुलाला असे चकवे भारतीय भाषांतच भेटतात. 'उपन्यास' म्हणजे हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान; 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, तर मराठीत दंड. परंतु हे चकवे शब्दाच्या पातळीवरचे आहेत आणि संदर्भ पाहून ते सुटतात. त्याहून खोल जाते ती व्याकरणाच्या पातळीवरील गाठ.

४

समजा, एखाद्या उताऱ्यात दोनच वाक्ये आहेत : 'द डॉक्टर केम इन. हॅव यू ईटन?' रूढ पद्धतीचा प्रश्नकर्ता विचारील, 'डॉक्टरने काय विचारले?' विद्यार्थी दुसरे वाक्य उतरवील आणि त्याला पूर्ण गुण मिळतील.

आता हीच वाक्ये मराठीत आणताना काय घडते ते पाहावे. 'डॉक्टर आले', 'डॉक्टर आल्या' की 'डॉक्टर आला'? लिंग आणि आदर या दोहोंचा निर्णय घेतल्यावाचून मराठी क्रियापद पूर्णच होत नाही. पुढे 'जेवलास का', 'जेवलीस का' की 'जेवलात का'? पोलिश वाचकापुढेही हाच पेच असतो. तेथे भूतकाळी क्रियापद लिंगानुसार बदलते : वाचणारा पुरुष असेल तर 'चिताव', स्त्री असेल तर 'चितावा'. 'जेवलास का' यासाठी मुलाला 'याद्वेश', मुलीला 'याद्वाश'. आणि आदर दाखवावयाचा तर पुरुषाला 'पान' व स्त्रीला 'पानी' म्हणून तृतीयपुरुषी क्रियापद योजावे लागते. इंग्रजीने जे मोघम ठेवले, त्याबद्दल मराठी व पोलिश या दोन्ही भाषा वाचकाला जाब विचारतात. शिवाय इंग्रजीतील 'द' हे उपपद हा डॉक्टर आधीपासून परिचित असल्याचे सुचविते. मराठी व पोलिश दोहोंतही उपपदे नसल्याने ही सूचना विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज निसटते. म्हणजे एकीकडे वाचक इंग्रजीने सांगितलेले गमावतो आणि दुसरीकडे इंग्रजीने न सांगितलेले शोधू लागतो.

कन्नडभाषक विद्यार्थी या पेचातून वेगळ्याच वाटेने बाहेर पडतो. 'ऊट आयिता?' म्हणजे शब्दशः 'जेवण झाले का?' यात तू-तुम्ही असा सर्वनामाचा उल्लेखच नाही. पण त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो, कारण 'ऊट आयिता?' ही कर्नाटकात नित्याची विचारपूसही आहे. डॉक्टर औषध देण्यापूर्वी आवश्यक ती माहिती घेत आहे की केवळ आपुलकी दाखवीत आहे? उताऱ्यातील नाते यावर अवलंबून आहे आणि प्रश्नकर्त्याने ते विचारलेलेच नाही.

येथे तौलनिक दृष्टीचे महत्त्व स्पष्ट होते. मातृभाषेला केवळ परभाषेच्या वाटेतील अडथळा मानणाऱ्या विचारसरणीत हा सारा व्यापार 'व्यत्यय' या एका शब्दात गुंडाळला जातो. वास्तविक हे सूक्ष्म वाचन आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, त्यांच्यात अंतर किती, स्वर कोणता, हे प्रश्न कथेचा समीक्षक विचारतो. आणि तेच प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला त्याची भाषा विचारावयास लावते.

५

या भूमिकेवर एक सबळ आक्षेप संभवतो. पोलंडमध्ये शाळेची भाषा बव्हंशी एकच असल्याने मातृभाषेत उत्तर मागणे शक्य होते. बंगळूरच्या एका वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू व मराठी घरे एकत्र येतात. परीक्षकाने किती भाषांतील उत्तरे तपासावीत? सार्वजनिक परीक्षेपुरता हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. पोलिश नमुना जसाच्या तसा येथे आणता येणार नाही.

परंतु परीक्षा आणि वर्गातील सराव एक नव्हेत. वर्गापुरते पाहिल्यास हे बहुभाषिकत्व अडचणीऐवजी साधन ठरते. मराठीत 'तू' व 'तुम्ही', कन्नडमध्ये 'नीनु' व 'नीवु', तमिळमध्ये 'नी' व 'नीङ्गळ', तेलुगूत 'नुव्वु' व 'मीरु', उर्दूत 'तू', 'तुम' व 'आप'. वर्गातील प्रत्येक घरच्या भाषेत हा भेद आहे. तो नाही केवळ इंग्रजीत. म्हणून प्रत्येक संवादयुक्त उताऱ्याखाली एक प्रश्न वाढविणे पुरेसे आहे : 'येथील "यू" तुमच्या घरी कसा म्हटला जाईल, आणि उताऱ्यातील कोणत्या शब्दांवरून तुम्ही ते ठरविले?' शिक्षकाला या पाचही भाषा येण्याची गरज नाही. पुरावा इंग्रजी उताऱ्यातूनच दाखवावयाचा आहे.

प्रभूंना मतांच्या कृतीबद्दल जी शंका वाटत होती, तिचेही उत्तर येथे मिळते. या प्रश्नाला एकच उत्तर नाही, परंतु कोणतेही उत्तर चालेल असेही नाही. 'तुम्ही' म्हणणाऱ्याला आधार दाखवावा लागेल आणि 'तू' म्हणणाऱ्यालाही. निश्चित उत्तराची सुरक्षितता आणि अर्थाची मोकळीक यांमध्ये प्रभूंनी जी सीमा आखली, तिच्यावरच ही कृती उभी आहे. साहित्याचे वाचनही याहून फार निराळ्या जागी घडत नाही.

आकलनाच्या उताऱ्याकडे केवळ इंग्रजी मोजण्याचे माप म्हणून पाहिले, तर ज्या मुलाने सर्वांत अधिक वाचले तोच अनुत्तीर्ण ठरण्याचा संभव राहतो. कारण त्याने वाचलेले सांगण्याची भाषा त्याच्याजवळ नसते आणि असलेली भाषा विचारात घेतली जात नाही. पोलिश परीक्षेने उत्तराची भाषा मोकळी केली, बंगळूर प्रकल्पाने आशयाला गुण दिले. विद्यार्थ्याच्या भाषेने उताऱ्याला विचारलेला प्रश्न ऐकून घेणे ही पुढची पायरी होय, आणि ती घेण्यास बंगळूरच्या बहुभाषिक वर्गाइतका योग्य वर्ग क्वचितच सापडेल.