बेरीज बरोबर, निष्कर्ष चूक

शाळेच्या छोट्या विमानासाठी सोलापूरच्या नवी पेठेतून तीन घटांची लिथियम पॉलिमर बॅटरी आणली. सोबतच्या माहितीपत्रकातले एक वाक्य खटकले: ‘१२.६ व्होल्ट झाले की बॅटरी ठीक.’

हे अर्धसत्य आहे. प्रत्येक घटाची मर्यादा ४.२ व्होल्ट. पण ४.४, ४.१ आणि ४.१ यांची बेरीजही १२.६ च! यातला पहिला घट मर्यादेबाहेर गेलेला आहे. तो तापेल, फुगेल, पेटही घेऊ शकेल.

बॅलन्सिंगच्या चार बारीक तारांचा पत्रकात उल्लेखच नाही. त्यांतून चार्जर प्रत्येक घट वेगळा मोजतो आणि पुढे गेलेल्या घटाची जादा ऊर्जा रोधातून उष्णतेच्या रूपात घालवतो. लगतच्या दोन-दोन तारांना मल्टिमीटर लावून आपणही घट तपासू शकतो. मात्र मल्टिमीटरची टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत.

‘थंड जागी चार्ज करा’ ही सूचना योग्य, पण मोघम. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात दुपारी थंड जागा कुठली? सकाळी, फरशीवर, कागद-कापडापासून दूर, शिक्षकांच्या नजरेसमोर, असे स्पष्ट लिहायला हवे होते. फुगलेली बॅटरी तर कधीच चार्ज करू नये.

वर्गाच्या सरासरीवरून एकेका मुलाची स्थिती कळत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.