शून्य, भाव आणि पंगत
(इरावतीबाई कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाचे पुनर्वाचन)

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते लहानपणापासून पाहिलेले आहे. पण पाहुणे सोबत असल्याशिवाय तिथे थांबण्याचा प्रसंग सहसा येत नाही. प्रतिहार राजा मिहिरभोज याच्या काळात किल्ल्याचा रक्षक असलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने हे देऊळ उभारले. त्यातील संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आज जगभरच्या गणिताच्या इतिहासकारांना परिचित आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली आणि रोज ५० माळा देवाला वाहाव्यात अशी व्यवस्था केली, एवढाच त्यातील मजकूर. मात्र २७० आणि ५० या आकड्यांतील शून्य आजच्यासारखे वाटोळे कोरलेले आहे.

या शिलालेखाविषयी दोन प्रकारची विधाने वारंवार कानावर येतात. शून्य देवळात सापडले, म्हणून आमचा धर्म मुळातच वैज्ञानिक, हे पहिले. दुसरे असे की गणित आणि देव यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हा योगायोग आहे. दोन्ही विधाने घाईची आहेत. कंबोडियातील इसवी सन ६८३ च्या शिलालेखात बिंदुरूप शून्य याहून जवळजवळ दोनशे वर्षे आधी आलेले आहे. तेव्हा ‘जगातील पहिले शून्य’ हा आपला लाडका दावा टिकत नाही. आणि केवळ योगायोग म्हणावे, तर बागेची मोजणी आणि माळांची गणती ही पूजेचीच अंगे होती, याचा विसर पडतो. कोरणाऱ्याच्या हातात हिशेब आणि भक्ती एकत्र नांदत होत्या, इतकेच तो दगड सांगतो. त्या दोहोंत पुढेमागे भांडण होईल की नाही, याविषयी तो मौन पाळतो.

हे भांडण मोजून पाहण्याचा प्रयत्न आपल्या काळात मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. २०१२ साली कॅनडातील दोन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात काही जणांना रोदाँच्या विचारमग्न पुरुषाच्या शिल्पाचे चित्र दाखविले, इतरांना थाळीफेक करणाऱ्या प्राचीन ग्रीक शिल्पाचे. आणि नंतर देवावरील विश्वास शून्य ते शंभर या मापाने विचारला. विचारमग्न पुरुष पाहिलेल्यांचा विश्वास कमी भरला. त्याच सुमारास अन्य संशोधकांनी एका कोड्याचा आधार घेतला. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडूची किंमत किती? मनात पटकन १० येतात. थांबून ताळा पाहिला की ५ हे उत्तर मिळते. असा ताळा पाहणाऱ्यांची श्रद्धा सरासरीने कमी, असे त्यांना आढळले. चिकित्सा वाढली की श्रद्धा ओसरते, असा निष्कर्ष मग वर्तमानपत्रांतून जगभर गेला.

पुढची हकीकत तितकी गाजली नाही. शिल्पाचा प्रयोग २०१७ साली कितीतरी अधिक लोकांवर पुन्हा केला गेला, तेव्हा त्याचा परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये तेरा देशांतील माहिती एकत्र पाहता चिकित्सक वृत्ती आणि अश्रद्धा यांचा संबंध क्षीण आणि देशागणिक बदलणारा आढळला; आणि या दुसऱ्या पाहणीत मूळ संशोधकांपैकी एक जण स्वतः सहभागी होता. स्वतःच्या निष्कर्षाचा ताळा पुन्हा पाहण्याची ही वृत्ती मला मूळ निष्कर्षापेक्षा अधिक मोलाची वाटते. परंतु माझा आक्षेप त्याही आधीचा आहे. ‘देव आहे’ या विधानाला शंभरपैकी किती गुण द्याल, असे विचारणे म्हणजे श्रद्धा हे एक विधान आहे, असे प्रथमच गृहीत धरणे होय. आपल्या भाषेत ‘मत’, ‘विश्वास’, ‘श्रद्धा’, ‘निष्ठा’, ‘भाव’ हे शब्द निरनिराळे आहेत, आणि वारकऱ्याला विचारले तर तो यांतला शेवटचा निवडील. भावाला गुण कसे द्यावेत?

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा मराठी गद्यात अधिक चांगले सापडते, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकापासून हा आपल्या विचारविश्वाचा मध्यवर्ती वाद राहिला आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानड्यांनी मूर्ती सोडली, पण ईश्वर आणि संतवाणी सोडली नाही. १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी बुद्धीच्या कसोटीला न उतरणारे काहीही पत्करण्याचे नाकारले. या दोघांच्या भूमिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु एकाच व्यक्तीच्या अंतःकरणात दोन्ही प्रवृत्ती पूर्ण ताकदीने वावरत असल्या तर काय घडते, हे पाहायचे असेल तर इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखाकडे वळावे लागते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला; नाव तिथल्या नदीचे. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मराठी माणसाला महाराष्ट्र जन्मतः मिळत नाही, तो शोधावा लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पुण्यात त्या वाढल्या रँग्लर परांजप्यांच्या घरी. १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आलेले परांजपे आपल्या बुद्धिवादाविषयी कधीही आडपडदा न ठेवणारे गृहस्थ होते. पुढे बर्लिनला जाऊन इरावतीबाईंनी मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, आणि कवट्यांच्या मोजमापातून युरोपीय वंशाची श्रेष्ठता सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष मांडून मार्गदर्शकांच्या अपेक्षेविरुद्ध जाण्याचे धैर्य दाखविले. १९३९ पासून त्यांनी डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. भारतीय नातेव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ चा; ‘युगान्त’ १९६७ चा. त्यात महाभारतातील थोर व्यक्तींना त्यांनी देवत्वाचे वा पूज्यतेचे कोणतेही कवच राहू दिले नाही. मोजमाप हाच जिचा व्यवसाय, अशी ही बाई ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला निघाली.

लेख वाचताना प्रथम जाणवते ते असे की, श्रद्धा आहे की नाही या प्रश्नाची लेखिकेला घाई नाही. त्या चालतात, ऐकतात, भिजतात, अभंगात मिसळतात. पिढ्यान्‌पिढ्या तेच शब्द गात त्याच वाटेने चाललेल्या माणसांचा त्यांच्यावर खोल परिणाम होतो आणि तो त्या लपवीत नाहीत. महाराष्ट्राची एक नवी व्याख्या त्यांना या वाटेवर सापडते. नकाशा, राजवट किंवा बोली यांच्या आधारे न करता त्यांनी ती या यात्रेच्या आधारे केलेली आहे. त्यांच्यातील शास्त्रज्ञ या वेळी झोपलेला नाही. भूप्रदेश, भाषा, जाती, अन्न, स्त्रियांची सुखदुःखे, सारे काही तो टिपतो आहे. निरीक्षणाने भाव आटत नाही, आणि भावाने निरीक्षण पुसट होत नाही. प्रयोगशाळेतील प्रश्नपत्रिकेत अशा अवस्थेसाठी चौकट नाही.

परंतु लेखाचे खरे सामर्थ्य याच्याही पुढे आहे. गाताना एक असणारे हे लोक जेवताना वेगळे होतात, हे लेखिकेच्या लक्षात येते. ब्राह्मणांचे जेवण वेगळे, मराठ्यांचे वेगळे. वाट तीच, अभंग तेच, दोघेही स्नान करून शुचिर्भूत होऊनच जेवणारे. मग ही भिंत कशासाठी? इरावतीबाई मराठ्यांबरोबर जेवतात. त्यानंतर त्या बायका त्यांच्या जवळ येतात, हात धरून चालतात, आपल्या संसाराच्या कथा सांगतात, त्यांना ताई म्हणू लागतात. पुण्यास आलो की तुमच्या घरी येऊ, असेही म्हणतात. त्यावर त्यांच्यातील एक तरुण मुलगी सहज विचारते की, तेव्हाही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? प्रश्न साधा आहे, पण लेखिकेच्या जिव्हारी लागतो. हजारो वर्षे शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, ही जाणीव तिथे उघडी पडते.

माझ्या मते या लेखाचा कणा तो प्रश्न आहे. तो विचारणारी मुलगी शिकलेली असल्याचे लेखात कुठे जाणवत नाही. ती श्रद्धाळू आहे, वारीला निघालेली आहे; आणि संपूर्ण लेखातील सर्वांत चिकित्सक वाक्य तिच्या तोंडचे आहे. ‘ताई’ या शब्दाने मनाला जे पटकन पटते, त्यावर ती थांबून ताळा पाहते. चेंडूच्या कोड्यात पहिले उत्तर बाजूला सारणारी बुद्धी ती हीच. म्हणजे चिकित्सा शिक्षितांकडे आणि श्रद्धा अडाण्यांकडे, ही आपली सोयीस्कर वाटणी या एका प्रश्नाने कोसळते. दुसरे असे की, या चिकित्सेचा रोख विठ्ठलावर नाही. तो पंगतीवर आहे. भावाला तिने धक्का लावलेला नाही. भावाच्या आड उभी असलेली रूढी तेवढी तिने नेमकी वेगळी काढून दाखविली. तर्काने श्रद्धा कापली जाते की नाही, हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. तर्काने श्रद्धेतील काय कापावे, हे विचारणे अधिक फलदायी.

येथे लेखाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. लेखिका तो प्रश्न जिव्हारी लावून घेतात, परंतु त्याचे उत्तर देत नाहीत. पुण्याच्या घराचे दार त्या बायकांसाठी कसे उघडले, किंवा उघडले नाही, हे आपल्याला कळत नाही. वेदना प्रामाणिक आहे. पण ललित लेखात वेदना इतकी सुंदर होऊन बसते की ती कृतीची जागा घेईल की काय, अशी शंका येते. तुलनेसाठी साने गुरुजी आठवावेत. पंढरीचे देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवसांचे उपोषण केले. चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर शतकानुशतके होतीच. तिच्यापुढे मस्तक टेकवून आत जाणाऱ्यांच्या भावात काही उणीव होती, असे नव्हे. उणीव ताळ्याची होती. गुरुजींसारख्या परम श्रद्धाळू माणसाने तो ताळा पाहिला आणि त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवली. इरावतीबाईंनी निदान अचूक केले. उपचार दुसऱ्यांनी आरंभिला. निदानाचे मोल यामुळे कमी होत नाही, परंतु त्यालाच उपचार समजण्याची चूक वाचकाने करू नये.

ग्वाल्हेरच्या वाचकाने हा लेख आज का वाचावा? आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. दौलतरावांची छावणी जिथे स्थिरावली, तिथल्या वस्तीला आजही आपण लष्करच म्हणतो. दूर आलेल्या माणसाने देव्हारा घट्ट धरून ठेवला, हे स्वाभाविक होते. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर इथली कुळदैवते, नवरात्र, बोडण, गणपती, कीर्तन यांच्या आधारानेच दोनशे वर्षांत आपले मराठीपण शिल्लक राहिले. इरावतीबाईंची व्याख्या लावली तर यात्रेला जाणारे आपणही महाराष्ट्रातच राहतो, असे म्हणता येईल. आणि ही व्याख्या ऐकून सुखावणाऱ्यांपैकी मीही एक आहे. पण देव्हाऱ्याबरोबर पंगतही आपण तशीच सोबत आणली होती. कोणाचे पान कुठे मांडले जाई, कोणाला अंगणातून वाढले जाई, हे जुन्या वाड्यांच्या आठवणी काढताना आपण सहसा सांगत नाही. उत्सवाचे वर्णन करतो. पंगतीपाशी आलो की विषय बदलतो.

आपल्या घरांतील नवी पिढी अभियांत्रिकी, संगणक, वैद्यक शिकून आली आहे. आरतीला ती उभी राहते, क्वचित राहत नाही. आणि वडीलधारी मंडळी हळहळतात की, विचार करायला शिकली आणि भाव गेला. या हळहळीत वर सांगितलेल्या प्रयोगाचेच गृहीतक दडलेले आहे, हे लक्षात यावे. मुले प्रश्न विचारतात म्हणून श्रद्धा जाते, हे खरे असतेच असे नाही. पुष्कळदा ती जाते, कारण त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. उत्तराऐवजी त्यांना ‘असेच असते’ एवढेच ऐकायला मिळते. ज्या भावाला ताळ्याचे भय वाटते, तो भाव नसून सवय असण्याचा संभव अधिक.

किल्ल्यावरच्या त्या देवळात माळांची संख्या दगडात कोरून ठेवली, याचे कारण उघड आहे. पुढे कोणी पन्नासाच्या चाळीस करू नयेत! भक्ताने भक्तीचा हिशेब जाहीर केला होता, पुढील पिढ्यांनी तो तपासावा म्हणून. आपल्या हिशेबातील पंगतीची ओळ मात्र आपण अजून कोरलेली नाही. वारीतल्या त्या मुलीचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, आणि त्याचे उत्तर लेख लिहून देता येत नाही, हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक आहे.