त्याचं स्वतःचं काम काय? : ब्रिटिश पडद्यावरचे मुसलमान आणि एशियन

आजचा विषय विलायतेतल्या सिनेमा-मालिकांचा असला, तरी सुरुवात आपल्या नाशिकशेजारच्या देवळालीपासून करावी लागेल. ब्रिटिश अमदानीत देवळालीला फौजेची मोठी छावणी होती. मायदेशी परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट बघत इथे अडकून पडायचे. हाताला काम नाही, वर उन्हाचा तडाखा. काहींचं डोकं फिरायचं. त्या अवस्थेला ते 'डूलाली टॅप' म्हणत. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही ब्रिटनमध्ये डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. आपलं एक गाव इंग्रजी भाषेत वेडाचा शब्द होऊन बसलंय.

याच देवळालीवर बीबीसीने १९७४ ते १९८१ अशी आठ वर्षं एक विनोदी मालिका चालवली. नाव 'इट एन्ट हाफ हॉट मम'. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात छावणीत नाटकं-गाणी करणाऱ्या सैनिकांच्या तुकडीची गोष्ट. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः देवळालीला अशा तुकडीत होते, म्हणजे ऐकीव माहितीवर लिहिलेलं नव्हतं.

मालिकेत तीन हिंदी माणसं सतत दिसतात. रंगी राम हा बेअरर, मुहम्मद हा चायवाला आणि रमझान हा पंखेवाला. रंगी रामचं काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा सावळा करून केलं. आज मालिकेचं नाव निघालं की वाद इथेच सुरू होतो, आणि बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही. मालिकेची बाजू घेणारे सांगतात की बेट्स यांचा जन्म झाशीचा, त्यांना हिंदुस्तानी उत्तम यायची. ते खरंच आहे. शिवाय सांगतात की मालिकेत सगळ्यांचीच टिंगल आहे. सगळ्यात जास्त हसं तर त्या आरडाओरडा करणाऱ्या गोऱ्या सार्जंट मेजरचं होतं. तेही खरं आहे.

मग बिघडलं कुठे? या व्याख्यानासाठी आम्ही जुने भाग पुन्हा बघायला बसलो, तेव्हा रंगाच्या डब्यापेक्षा दुसरंच काही खुपायला लागलं. त्यातल्या प्रत्येक गोऱ्या पोराला काहीतरी हवंय. कुणाला घरी जायचंय, कुणाला रंगमंचावर चमकायचंय, सार्जंट मेजरला या सगळ्यांना जंगलात लढायला धाडायचंय. रंगी रामला काय हवंय? त्याला इंग्रज व्हायचंय. तो 'आम्ही ब्रिटिश' असं म्हणतो आणि प्रेक्षक हसतात. चायवाल्याला चहा द्यायचाय, पंखेवाल्याला दोरी ओढायचीय. मालिका संपते तेव्हा गोरी पोरं इंग्लंडला परत जातात. चहा देणारा माणूस संध्याकाळी कुठे जातो, हे आठ वर्षांत कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. त्याचं घर देवळालीतच असणार ना!

हा प्रश्न आज हातात धरून पुढे जाऊ. या पात्राचं या गोष्टीत स्वतःचं काम काय? तो चांगला की वाईट, गोड की भीतिदायक, हे नंतर. त्याला स्वतःसाठी काही हवंय का?

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा खुलासा. अमेरिकेत 'एशियन' म्हटलं की चिनी, जपानी, कोरियन माणूस डोळ्यांपुढे येतो. ब्रिटनमध्ये एशियन म्हणजे प्रामुख्याने भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेला. सिल्हेटचा हॉटेलवाला, मीरपूरचा गिरणी कामगार आणि पुण्याहून गेलेले डॉक्टर, सगळे एकाच शब्दात. आपण आपसात कितीही फरक करत असलो, तरी बघणाऱ्याच्या डोळ्याला तो दिसत नाही.

देवळालीनंतर हा माणूस भेटतो तो लंडनच्या रात्रशाळेत. १९७७ साली आयटीव्हीवर 'माइंड युअर लँग्वेज' आली. इंग्रजी शिकायला आलेले परदेशी आणि त्यांचा गोरा मास्तर. आपल्यापैकी बहुतेकांनी ही मालिका यूट्यूबवर बघितली असेल आणि पोट धरून हसला असाल. आम्हीही हसलोय, नाकारायचं कशाला? त्यात पाकिस्तानी अली नदीम आहे आणि शीख रणजीत सिंग आहे. दोघांची सारखी जुंपते. अलीचं काम करणारे दिनो शफीक म्हणजेच देवळालीचा चायवाला! नट तोच, किटली गेली आणि हातात वही आली. चिनी बाई उठल्याबसल्या माओचं नाव घेते, जपानी माणूस शब्दांना 'ओ' जोडतो, जमिला विणकाम करत बसते. प्रत्येकाच्या गळ्यात आपापल्या देशाची पाटी. आणि हे विद्यार्थी कधी शिकत नाहीत, कारण शिकले तर विनोद संपेल. इंग्रजी यावं ही त्यांची एकच इच्छा, तीच पुरी होऊ द्यायची नाही अशी मालिकेची रचना आहे.

म्हणजे साम्राज्य गेलं, नोकराचा विद्यार्थी झाला, पण गोष्टीतली त्याची जागा हलली नाही.

ती हलली १९८५ मध्ये. हनीफ कुरेशी यांनी लिहिलेला आणि स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला 'माय ब्युटिफुल लाँड्रेट' त्या वर्षी आला. ओमर हा लंडनमधला पाकिस्तानी घरातला तरुण. त्याला काकाची पडीक लाँड्री चालवून पैसा कमवायचाय. जॉनी या गोऱ्या मित्रावर त्याचं प्रेम आहे, आणि हाच जॉनी एके काळी वंशद्वेष्ट्या टोळक्याबरोबर हिंडलेला आहे. ओमरचे वडील दारूत बुडालेले डावे पत्रकार, काका भाडेकरूंना घराबाहेर काढणारा मालक, नात्यातला सलीम अमली पदार्थांच्या धंद्यात.

आता बघा, यात 'आदर्श' म्हणावं असं एकही पात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये पाकिस्तानी मंडळींनी चित्रपटाविरुद्ध निदर्शनं केली. आमच्या समाजाचं असं चित्र का दाखवता, हा त्यांचा सवाल. तो राग आम्हाला समजतो. पडद्यावर वर्षाकाठी आपला एकच माणूस दिसत असेल, तर त्या एकाने तरी नीट वागावं असं वाटणारच. पण हीच खरी गोची आहे. जो एकटाच सगळ्या समाजाचा वकील होऊन उभा आहे, त्याला माणूस म्हणून जगताच येत नाही. गोऱ्या खलनायकामुळे गोऱ्यांची बदनामी होत नाही, कारण शेजारच्या वाहिनीवर शंभर गोरे आणखी काही करत असतात. कुरेशींनी ओमरला चुकण्याची मोकळीक दिली, आणि म्हणून तो जिवंत झाला.

१९९८ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आली, तेव्हा विनोदाची दिशाच फिरली. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया, अशी ही चौकडी. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या प्रहसनात मुंबईतली टोळी रात्री पिऊन 'इंग्लिश खायला' जाते, गोऱ्या वेटरला पिडते आणि सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागवते. शुक्रवारी रात्री करी हाउसमध्ये ब्रिटिश गिऱ्हाईक जसं वागतं, तेच उलटं करून दाखवलं. वेटरच्या बाजूने ते टेबल कसं दिसतं, हे पहिल्यांदाच इतक्या घरांत पोचलं.

मग आलं २००१ सालचं ११ सप्टेंबर, आणि लंडनमधले २००५ सालच्या ७ जुलैचे स्फोट. 'एशियन' हा शब्द मागे पडला, 'मुस्लिम' पुढे आला, आणि हशाच्या जागी संशय बसला.

२०१८ ची 'बॉडीगार्ड' ही बीबीसीची मालिका घ्या. शेवटचा भाग एक कोटीहून अधिक लोकांनी बघितला. सुरुवातीलाच आगगाडीच्या स्वच्छतागृहात हिजाब घातलेली नादिया अंगाला बॉम्ब बांधून उभी आहे, थरथरतेय. गोरा अंगरक्षक तिला बोलतं करतो, वाचवतो. आपल्याला वाटतं, नवऱ्याच्या धाकाखालची बिचारी बाई. शेवटच्या भागात कळतं की बॉम्ब तिनेच बनवले होते. ती शिकलेली इंजिनीअर आहे. काही जण म्हणाले, बघा, अबला नाही दाखवली, हुशार दाखवली! आमचं म्हणणं असं की दोन्ही वेळा ती तीच आहे. आधी नायकाची माणुसकी दाखवायला तिला दीन केलं, नंतर प्रेक्षकाला धक्का द्यायला क्रूर केलं. मुसलमान बाईला पर्याय दोनच, दबलेली किंवा दगाबाज. तिसरी शक्यता लेखकाच्या मनाला शिवलीच नाही.

याच वर्षी ब्रिटनमध्ये 'रिझ टेस्ट' नावाची एक चाचणी पुढे आली. अभिनेते रिझ अहमद यांनी मार्च २०१७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये याच विषयावर भाषण केलं होतं, त्यातून ती सुचली. चाचणीत पाच प्रश्न आहेत. मुस्लिम पात्र दहशतवादाशी जोडलेलं आहे का, मग ते बळी म्हणून का असेना? ते विनाकारण संतापी आहे का? अंधश्रद्ध, मागासलेलं आहे का? पाश्चात्त्य जीवनपद्धतीला धोका म्हणून दाखवलंय का? पुरुष असेल तर बायकांना तुच्छ लेखणारा, बाई असेल तर पुरुषांनी दडपलेली, असं आहे का? एकाचंही उत्तर 'हो' आलं की नापास.

चाचणी उपयोगाची आहे. चाळणी लावली की किती दगड निघतात ते कळतं. पण चाळणी भात शिजवत नाही. देवळालीचा चायवाला या पाच प्रश्नांतून बहुधा सुखरूप सुटेल, कारण तो कुणाला त्रासच देत नाही. उलट 'फोर लायन्स' हा २०१० चा चित्रपट पहिल्याच प्रश्नाला गारद होईल, कारण तो बॉम्ब करायला निघालेल्या चार-पाच बावळट तरुणांवरच आहे. आणि त्यात खुद्द रिझ अहमद प्रमुख भूमिकेत आहेत. तरी त्यातल्या ओमरचं घर, बायको, मुलगा, मित्रावरची माया आणि मित्राला फसवल्याची टोचणी, हे सगळं त्याचं स्वतःचं आहे. तो चुकतो, भयंकर चुकतो, पण ती त्याची चूक असते.

आणि २०२१ ची, निदा मंझूर यांची 'वी आर लेडी पार्ट्स'. मुस्लिम मुलींचा पंक बँड. अमिना मायक्रोबायॉलॉजीत पीएच.डी. करतेय, गिटार झकास वाजवते, पण लोकांसमोर उभं राहिलं की तिचं पोट ढवळतं. तिला लग्न करायचंय. घरच्यांना घाई नाही, घाई तिलाच. बँडमधल्या मुलींत कुणी डोकं झाकतं, कुणी नाही, एकजण पूर्ण बुरख्यात. कुणी कुणाला समजावून सांगत बसत नाही. आमच्या प्रश्नाचं उत्तर इथे सरळ मिळतं. प्रत्येकीला काहीतरी हवंय.

कुणी विचारेल, आपल्याला काय त्याचं? ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या मेसा गावी बलबीर सिंग सोधी या शीख गृहस्थांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालून मारलं. पगडी आणि दाढी, एवढंच मारणाऱ्याला दिसलं. एखाद्या मालिकेमुळे हे झालं असं आम्ही म्हणत नाही. पण डोळ्याला जे ओळखायची सवय लागते, ती कुठून तरी लागते. आणि 'अहो, आम्ही त्यांतले नाही' हे उत्तर त्या क्षणी वाचवत नाही. शिवाय ते 'त्यांतल्या' निरपराधाला एकटं पाडतं.

शेवटी जरा आपल्याकडे वळू. ती लंडनची रात्रशाळा 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये पुन्हा भेटते, २०१२ साली, न्यूयॉर्कमध्ये. दिग्दर्शिका पुण्याच्या गौरी शिंदे, नायिका पुण्याचीच शशी गोडबोले. जी बाई पूर्वी मागच्या बाकावर विणत बसली असती, ती इथे गोष्टीची मालकीण आहे, आणि ती शिकतेही. आम्हाला याचा आनंद आहे. पण त्याच वर्गात एक पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, सलमान. स्वभावाने चांगला, आणि भारतीय चित्रपटात पाकिस्तानी माणूस असा सहज वर्गमित्र म्हणून बसलेला दिसणं हेही थोडं नाही. पण तो आणि बाकीचे अजून मागच्याच बाकावर आहेत. आपण पुढे आलो, तेव्हा बाक रिकामा झाला नाही, दुसऱ्यांना दिला.

आणि मराठी मालिका? कोकणात, मराठवाड्यात, सोलापूर-कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान आपल्यासारखेच गाळ्याच्या भाड्याची, पोराच्या ॲडमिशनची, पावसाची काळजी करत असतात. मालिकेत मात्र ते कधी येतात आठवून बघा. ईदला, शीरखुर्म्याची वाटी घेऊन. गोड हसतात, वाटी देतात, जातात. रिझ टेस्टचे पाचही प्रश्न ते पास होतील. पण देवळालीच्या त्या किटलीत आणि या वाटीत फरक किती, हे आज घरी जाऊन पुढची मालिका लावाल तेव्हा बघा. वाटी देऊन तो माणूस कुठे जातो, हे विचारा.